तेरा दिवसांत सही नको

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीकडे भेटायला गेले होते. नुसतं 'भेटायला' म्हटलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तिचे यजमान जाऊन पाच दिवस झाले होते. दारात चपलांचा ढीग, हॉलमध्ये सतरंजी, कोपऱ्यात तेवणारा दिवा. मैत्रीण आतल्या खोलीत पलंगावर बसून होती आणि बाहेर तिचे दीर, मुलगा, जावई आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांची बैठक चालली होती. तेराव्याला पानं किती, एफडी मोडायच्या की ठेवायच्या, फ्लॅट कोणाच्या नावावर करायचा. सगळं आत ऐकू येत होतं. तिलाही येत होतं. मध्येच दीर एक कागद घेऊन आत आले. "वहिनी, इथं एक सही करा. फॉर्मॅलिटी आहे." तिनं उशीखाली चष्मा शोधला. सापडेना. "चष्मा कशाला? इथं, फुलीपाशी करा," दीर म्हणाले.

मी तो कागद हातात घेऊन वाचला. भेटायला आलेल्या बाईनं असं करणं रीतीला धरून नाही, हे मला कळत होतं. पण अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कागद न वाचता पुढं जाऊ देता येत नाही, ही एक खोड आहे. तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता. फ्लॅटमधला आपला हिस्सा ती मुलाला सोडून देणार होती. शुक्रवारी नोंदणी, शनिवारी मुलगा परत परदेशी. दीर लबाड नाहीत, मुलगाही गुणी आहे. 'सगळे जमलेत तर एकदमच उरकून टाकू, पुढं आईला कटकट नको', एवढाच त्यामागचा हेतू. फक्त त्या आईला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चष्मा सापडला की ती वाचेल. महिनाभरानं." माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं गेलं, ती अजून पाठीवर आहे. (मैत्रिणीला विचारूनच हे लिहिते आहे, आणि तपशील थोडे बदलले आहेत.)

नवरा गेल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही, याची आपल्याकडे भलीमोठी यादी असते. दहावा कुठं, पिंडाला कावळा शिवला की नाही, सुतक किती दिवस, तेराव्याला गोडाचं कोणी करायचं. ही यादी घरातल्या थोरांना तोंडपाठ असते आणि तिचा एक उपयोगही आहे. सैरभैर झालेल्या घराला ती पुढच्या तासाचं काम देते. त्यावर हसण्याचं वय माझं गेलं. माझं म्हणणं वेगळंच आहे. या तेरा दिवसांत बाईच्या अंगावरचं काय काढायचं आणि तिच्याकडून काय लिहून घ्यायचं, ही दोन्ही कामं तिच्याशी न बोलता होतात. धार्मिक बाजू बायका सांभाळतात, कागदांची बाजू पुरुष. दोघांच्या मध्ये ती असते, हात पुढं करून. कधी बांगड्यांसाठी, कधी अंगठ्यासाठी.

माझं स्वतःचं सांगते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेनं ठराव केला, की आमच्या गावात यापुढं नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्याकडे सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र एकत्र चालायचं. ह्यांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, "खेड्यानं केलं. आता कोथरूडनं कधी करायचं?" मी हसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हे गेले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्या आत्येसासूबाई आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पाठीतून वाकलेल्या. शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "काचेच्या तेवढ्या काढून ठेव बाई." मला असा संताप आला, की ज्या माणसासाठी रडायचं ते राहिलं बाजूला. मी काहीच बोलले नाही. रात्री घर निजल्यावर त्यांनीच आपलं मनगट माझ्यापुढं केलं. आत एक पांढरा व्रण होता. त्या एकतिसाव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा जावांनी उंबऱ्यावर हात धरून दगडानं चुडा फोडला होता आणि काच आत गेली होती. म्हणाल्या, "उद्या कोणीतरी येईल हात धरायला. त्याच्याआधी तूच काढलेल्या बऱ्या, म्हणून म्हटलं." इतकी वर्षं मी या बाईला कर्मठ समजत होते.

काचेच्या बांगड्या मी काढल्या. सोन्याच्या दोन राहू दिल्या. मंगळसूत्र काही दिवसांनी स्वतःच लॉकरमध्ये ठेवलं, कारण ते गळ्यात घातलं की हात सारखा तिथंच जायचा. टिकली मात्र ठेवली; ती मी लग्नाआधीपासून लावत होते आणि ती ह्यांनी दिलेली नव्हती. यात क्रांती वगैरे काही नाही. दुसऱ्या कोणी सगळं ठेवलं असतं, तिसऱ्या कोणी सगळं उतरवलं असतं. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी कुंकू स्वतः पुसलं, आणि मुलींनी "आई, तू लावायलाच हवंस" म्हणून इतका धोशा लावला, की त्या बिचाऱ्या दोन्हीकडून कानकोंड्या झाल्या. सुधारणेचा आग्रहसुद्धा कधीकधी हात धरूनच केला जातो.

टिकलीची गंमत पुढं झाली. विसाव्या दिवशी मी ह्यांच्या एका खात्याच्या दाव्यासाठी बँकेत गेले. (ही बँक माझी नव्हे.) काउंटरवरच्या मुलानं फॉर्म पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, क्लेमंट आल्या नाहीत का?" मी म्हटलं, मीच. तो गोरामोरा झाला आणि मग पुढचं सगळं त्यानं माझ्या मुलाकडे बघून सांगितलं. मुलगा आर्किटेक्ट आहे. त्याला 'इंडेम्निटी बाँड' म्हणजे काय ते कळत नव्हतं. मला ते फॉर्म डोळे मिटून भरता येतात. तरी तो सांगत होता त्यालाच.

मी त्या मुलावर चिडले नाही, कारण मला माझी आठवण आली.

१९८७ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होते. बँकेतल्या ठेवींना वारस नेमण्याची, म्हणजे नॉमिनेशनची सोय १९८५ मध्येच आली होती. पण त्या दिवशी माझ्यासमोर आली ती बाई नॉमिनी नव्हती; खातं नवरा-बायकोचं संयुक्त होतं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करावा, आणि एक गेला तर उरलेल्यानं. पैसे काढण्याचा अधिकार सरळसरळ तिचा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. बरोबर दीर. मी सगळे प्रश्न दिरालाच विचारले. मृत्यूचा दाखला आणलाय का, पासबुक कुठंय, किती काढायचे. आणि तिला फक्त बोटानं दाखवलं, इथं, इथं आणि मागच्या बाजूला इथं. तिनं एकदाच विचारलं, "हे कशाचं?" दीर म्हणाला, "बँकेचं असतंय." मी मान खाली घालून शिक्का मारला. ती सगळी रक्कम त्याच दिवशी दिराच्या खात्यात वर्ग झाली.

नियमात सगळं बसत होतं. सही जुळत होती, खातेदार समक्ष हजर होती, ऑडिटला बोट ठेवायला जागा नव्हती. कदाचित दिरानं तिचा नीट सांभाळ केलाही असेल. पण तिनं मला प्रश्न विचारला होता आणि उत्तर देणं माझं काम होतं. 'बाई, हे पैसे तुमचे आहेत आणि तुम्ही ते ह्यांना देताय, द्यायचेत ना?' एवढं एक वाक्य. मी नोकरीत पुढं पदोन्नत्या घेतल्या, कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत अन्यायाबद्दल पानंच्या पानं भरली. ते एक वाक्य राहिलं.

म्हणून आता भेटायला जाते तेव्हा पाहुणीची रीत सोडून थोडं बोलते. काय बोलते, ते इथंही सांगते.

पहिल्या तेरा दिवसांत करावंच लागतं असं कागदी काम जवळजवळ एकच: मृत्यूची नोंद. ती एकवीस दिवसांच्या आत व्हायला हवी. माणूस रुग्णालयात गेला असेल तर ती रुग्णालयाकडूनच जाते. दाखला हातात आला की आधी नावाचं स्पेलिंग पाहा. पासबुकात, आधार कार्डावर आणि दाखल्यावर वडिलांच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं, की पुढं सहा महिने त्या अक्षराच्या मागं फिरावं लागतं. प्रती दहा-बारा घ्या. आणि गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर बंद करू नका. हे मी अनुभवानं सांगते. आमच्या मुलानं हळवेपणानं ह्यांचा फोन बंद करून कपाटात ठेवला. विजेच्या बिलापासून विम्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा 'ओटीपी' त्या फोनवर, आणि फोन उघडायचा तो ह्यांच्या बोटाच्या ठशानं! ह्यांनी निळ्या वहीत सगळे पासवर्ड लिहून ठेवले होते, तेही दोन वर्षांपूर्वीचे. मी निवृत्त बँक अधिकारी, आणि घरचा गॅस सिलिंडर मला नोंदवता येईना.

दुसरं. पहिल्याच दिवशी कोणीतरी जाणता कानाशी लागतो, "बँकेला कळायच्या आत एटीएममधून काढून घ्या." काढू नका. माणूस गेल्यावर त्याचं कार्ड वापरणं नियमाला धरून नाही, आणि पुढं वारसांत कुरबूर झाली की तीच नोंद तुमच्या अंगावर येते. सरकारी निवृत्तिवेतन असेल तर मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत घेतली जाते. खातं संयुक्त असेल तर अडचणच नाही, आणि घाईही नाही. कागद पूर्ण दिले तर मृत खातेदाराचा दावा पंधरा दिवसांत निकाली काढावा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. एखाद्या शाखेत टोलवाटोलवी झाली तर हे तोंडी सांगू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हटल्यावर आम्ही बँकवाले कसे सरळ बसतो, ते मला ठाऊक आहे.

आता नॉमिनीबद्दल, कारण इथं घरंच्या घरं फसतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा विश्वस्त. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं हे डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. सोसायटीच्या फ्लॅटचंही तेच. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. नावं वाढली, तत्त्व तेच. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणं गेलेल्या माणसाची पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस, सारख्या हिश्शाचे. आईचं नाव ऐकून बहुतेक सुना चमकतात. 'सासूबाईंचा काय संबंध?' संबंध आहे. त्यांचा मुलगा गेलाय. (मुसलमान, ख्रिस्ती, पारशी घरांसाठी कायदे निराळे आहेत, तिथं वकिलाला विचारावं.) आणि बायकोचा हिस्सा हा कोणाच्या दयेचा नसतो. १९३७ च्या कायद्यानं विधवेला हयातीपुरता हक्क दिला होता, तो १९५६ नं पूर्ण मालकीचा केला. एवढ्या वाटेनं आलेला हक्क फुलीपाशी सही करून सोडायचा, तर निदान चष्मा लावून सोडावा. सोडूच नये असं मी म्हणत नाही. मुलाला द्यायचं तर जरूर द्या. पण हक्कसोडपत्र एकदा नोंदलं की ते मोडायला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि फ्लॅट कुठं पळून जात नाही.

निवृत्तिवेतनाचा एक मुद्दा सांगून कागद बाजूला ठेवते. केंद्र सरकारच्या निवृत्तांच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीला वाढीव दरानं मिळतं, नवरा गेल्यापासून सात वर्षं किंवा तो सदुसष्टचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. नंतर ते मूळ वेतनाच्या तीस टक्क्यांवर येतं. हे आधी सांगितलेलं नसलं की एका महिन्यात पैसे कमी येतात आणि बाई घाबरून मुलावर संशय घेते. असं घडलेलं मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे.

भेटायला येणाऱ्यांबद्दल खरं तर वेगळा लेख होईल. 'कसं झालं?' हा प्रश्न मला पहिल्या चार दिवसांत किती वेळा विचारला गेला, ते मोजलं नाही. पण तिसऱ्या दिवसापासून माझं उत्तर पाठ झालं होतं. पहाटे घाम आला, डॉक्टरांना फोन केला, रिक्षा मिळाली, पण. त्या 'पण'पाशी थांबायचं, समोरच्यानं डोळे पुसायचे. मला माझ्याच दुःखाची नक्कल केल्यासारखं वाटायला लागलं. कसं झालं ते खाली वॉचमनलाही ठाऊक असतं, त्याला विचारून वर या. 'निदान हाल झाले नाहीत', 'मुलांचं सगळं मार्गी लागलंय, तुम्ही सुटलात', असं म्हणू नका. आपल्यात मृत्यू झालेल्या घरी पाणीसुद्धा घेऊ नये आणि निघताना 'येते' म्हणू नये, अशी रीत आहे. दुसरी अजून बरेच जण पाळतात, पहिली मात्र शहरात मोडली. आमच्या सुनेनं पहिल्या दोन दिवसांत साठ-सत्तर कप चहा केला असेल. जुन्या रीतीत शहाणपण होतं, ते आपण टाकून दिलं. चुडा फोडण्याची मात्र जपून ठेवली.

मला कोणाचं आठवतं? समोरच्या काकूंचं. त्या रोज पिठलं-भात घेऊन आल्या आणि दारातूनच डबा देऊन गेल्या. आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं. तो 'काही लागलं तर सांगा' म्हणाला नाही. म्हणाला, "पुढच्या मंगळवारी साडेदहाला मी गाडी घेऊन येतो, आपण तुमच्या गॅसचं काम करून येऊ." सगळ्यांत मोलाचं म्हणजे तो माझ्याशी बोलला. मुलाशी नाही.

राहिला हळदीकुंकवाचा प्रश्न, जो मला बायका लाजत लाजत विचारतात. शेजारीण आहे, गेल्या वर्षी यजमान गेले, संक्रांतीला बोलवावं की नाही? बोलावलं तर तिला वाईट वाटेल, नाही बोलावलं तरी वाईट वाटेल. ह्यांच्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आमच्या मजल्यावरच्या चौघींनी माझा असाच विचार करून मला बोलावलं नाही. सगळ्या चांगल्या, सगळ्या माझ्या. मी संध्याकाळभर जिन्यातली पावलं ऐकत बसले. पाचवी नवीन राहायला आलेली मुलगी, तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं बेल वाजवली आणि म्हणाली, "काकू, येताय ना? आणि तुम्ही हळदीकुंकू लावून घेता की नुसता तिळगूळ घ्याल? मला माहीत नाही, म्हणून विचारते." मी म्हटलं, अगं, साडी बदलून आलेच.